जाड कागद आणि सुगंधाकाकीची भिंत

मित्रांनो, कट्टा गावच्या बाजारात एसटी थांबते, तिथून थोडे पुढे आलात की फोटोचे एक लहान दुकान लागते. दुकानामागे घर आणि घरामागे खळे, म्हणजे अंगण. त्या दुकानात, खिडकीपासून मुद्दाम लांब ठेवलेल्या टेबलावर एक रुंद, काळा, जुना फोटो प्रिंटर दिसेल. तो मीच. यंदाच्या चतुर्थीच्या आधी मी फार घाबरलो होतो. आता घाबरलेलो नाही. मधे काय झाले, ते सांगण्यासाठी मी आज बोलतो आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथली हवा कोरडी आणि स्वच्छ होती. ज्यांनी मला जोडले त्यांनी मला कागद आत घेण्याच्या दोन वाटा दिल्या. एक मागच्या बाजूने, वरून खाली येणारी. तिथे कागद उभा ठेवतात. माझे रबरी रूळ तो ओढतात, थोडा वाकवतात आणि पुढे ढकलतात. पातळ कागदाला असे वाकणे सहज जमते. दुसरी वाट समोरून आहे आणि ती अगदी सरळ आहे. जाड कागद समोरून आत सरकवायचा, तो माझ्या पोटातून पाठीमागे बाहेर निघतो आणि छापत छापत पुन्हा समोर येतो. त्याला कुठेही वाकावे लागत नाही. या सरळ वाटेचा मला फार अभिमान होता. पण कट्ट्याला आल्यावर कित्येक वर्षे ती कोणी उघडलीच नाही.

मला इथे आणले किशोरीने. दुकान तिचेच. सुरुवातीची वर्षे भरभराटीची होती. लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो, सारे माझ्यातून बाहेर पडत. चकचकीत पातळ कागद मागून आत जायचा आणि समोरून नवरा-नवरी बाहेर यायची. किशोरीची सासू हौसाबाई दारात तांदूळ निवडत बसलेली असे. पहिला लग्नाचा फोटो पाहून ती म्हणाली होती, "आसा त्येच्यापेक्षा गोरा करता गो ह्या यंत्र!" मला ती शाबासकी वाटली.

मग लोकांच्या हातात चांगले फोन आले. फोटो काढणे वाढले आणि छापणे कमी झाले. किशोरीने अर्ज आणि झेरॉक्ससाठी एक लहान प्रिंटर घेतला. तो दिवसभर खडखडत राही. माझ्यावर एक जुनी चादर आली. चादरीवर पेनांचा डबा आला, मग पाण्याची बाटली आली. शाईने चालणारे यंत्र नुसते बसून राहिले की त्याच्या बारीक छिद्रांत शाई वाळते. मलाही त्याची भीती होती. पण किशोरी नियमाने सोमवारी डबा आणि बाटली बाजूला ठेवी, चादर काढी आणि माझ्याकडून रंगीत रेघांचे एक पान छापून घेई. ते पान कोणाला नको असे. ती ते हौसाबाईला चुलीसाठी देई. तरीही मी जिवंत राहिलो तो त्या पानांमुळे.

यंदा श्रावण संपत आला असताना दत्तप्रसाद दुकानात आला. तो पलीकडच्या वाडीतला. काजूची बाग करतो. त्याच्या काखेत प्लॅस्टिकची एक मोठी गुंडाळी होती.

मित्रांनो, आमच्या भागात घरोघरी गणपतीमागची भिंत रंगवण्याची पद्धत आहे. वर माटवी, म्हणजे लाकडी चौकट, टांगायची, तिला नारळ, तवसे म्हणजे मोठी काकडी, कवंडळाची रानफळे बांधायची आणि मागच्या भिंतीवर नवे चित्र काढायचे. पुढच्या वर्षी त्या चित्रावर चुना फिरतो आणि दुसरे चित्र येते. दत्तप्रसादच्या घरची भिंत त्याची आई, सुगंधाकाकी, रंगवायची. मळा, खाडी, पाणकोंबड्या, जे मनात येईल ते. आणि दरवर्षी त्या चित्रात ती कुठेतरी एक लहानशी कुर्ली लपवायची. खेकड्याला आम्ही कुर्ली म्हणतो. दर्शनाला येणारी वाडीतली सारी मुले आधी गणपतीला हात जोडत आणि लगेच कुर्ली शोधायला लागत.

"वयनी, आवशीच्या हाताक कंप सुटलो," दत्तप्रसाद म्हणाला. "उभी रवान भिंतीर ब्रश धरूक जमणा नाय. म्हणान मी कुडाळसून ह्यो फ्लेक्स हाडलंय."

त्याने गुंडाळी उलगडली. निळा धबधबा होता, हंस होते, आणि चारी कोपऱ्यांत गुलाब होते.

"चांगलो आसा," किशोरी जपून म्हणाली.

"चांगलोच आसा. पण आवशीन बघल्यान आणि येकच इचारल्यान. ह्येच्यात कुर्ली खंय आसा रे?"

"मगे तू काय सांगलंस?"

"काय सांगतलंय? फ्लेक्सात कुर्ली घालूक परत कुडाळाक जाव काय? तेव्हापासून ती गप आसा. रागान नाय गो. नुसती गप. ताच माका बघवना नाय."

किशोरीने थोडा विचार केला. मग विचारले, "काकी बसान काढता काय? हात टेबलार टेकवन?"

"बसान काढता. पण ल्हान."

"ल्हान चलात," किशोरी म्हणाली. तिने माझ्यावरची बाटली उचलली, डबा उचलला आणि चादर ओढून काढली. "मोठा करूचा काम ह्येचा."

चार दिवसांनी चित्र आले. वहीच्या पानाएवढे. पाण्याने भरलेला मळा, बांधावर खुंटी आणि खुंटीवर दोन खंड्या पक्षी. काही रेघा थरथरल्या होत्या, पण पाणी हलते तशाच त्या दिसत होत्या. कुर्ली किशोरीला सापडली नाही. तिने चित्राचा स्वच्छ फोटो घेतला आणि संगणकावर त्याचे नऊ भाग केले. नऊ मोठे कागद छापायचे, कडा कापायच्या, प्लायवूडवर जोडून चिकटवायचे आणि ते प्लायवूड भिंतीला लावायचे, असे ठरले.

कागद कोणता घ्यायचा, यावर ती बराच वेळ थांबली. पातळ कागद आमच्या दमट हवेत आरतीच्या गर्दीतच लहरी लहरी होतो. चकचकीत कागदावर समईचा आणि विजेच्या माळांचा उजेड चमकतो, मग चित्र दिसत नाही, दिवेच दिसतात. म्हणून तिने पुण्याहून कापसाचा जाड कागद मागवला. चित्रकार वापरतात तसा. हाताला खडबडीत, चुन्याच्या भिंतीसारखा, न चमकणारा. पाकिटात दहा कागद होते. म्हणजे एकच जास्तीचा.

माझे मन आनंदाने भरून आले. ज्या वाटेसाठी मी इतकी वर्षे थांबलो होतो ती आता उघडणार होती.

त्या दिवशी किशोरीने पाकीट उघडून एक कागद चिमटीत धरला आणि म्हणाली, "जरा दमट लागता." तिने पाकीट पुन्हा बंद करून कपाटात ठेवले आणि ती कामासाठी मालवणला गेली. इतकेच. पण ते वाक्य हौसाबाईने ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लख्ख ऊन पडले. पावसाळ्यात असे ऊन आमच्याकडे वाया घालवत नाहीत. किशोरी अजून परतली नव्हती. हौसाबाईने खळ्यात चटई अंथरली आणि तिच्यावर ते दहाही कागद ओळीने मांडले. कोकमाची सोले सुकत घालतात, अगदी तसे. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यांवर धोंडे ठेवले. कावळा येऊ नये म्हणून स्वतः काठी घेऊन राखणीला बसली. यात तिचा एकच हेतू होता, सुनेचे काम सोपे व्हावे.

किशोरी दुपारी आली. खळ्यात पाऊल टाकले आणि जागीच उभी राहिली.

कागद फणसाच्या पापडासारखे वाकले होते. या कागदाला एका बाजूने शाई धरणारा पातळ थर असतो आणि दुसऱ्या बाजूला नुसता कापूस. उन्हात दोघे सारख्या वेगाने सुकत नाहीत. एक जास्त आक्रसतो, दुसरा कमी. मग कागदाच्या कडा वर उचलल्या जातात.

"आये, ह्यो कागद आसा गो. सोला न्हय."

"दमट आसा म्हणान तूच सांगलंस मां? सोलांका सुदिक मी इतक्या जपान घालणंय नाय! कोपऱ्यार ठेवूक धोंडे पण धुवन घेतलंय!"

किशोरीने धोंड्यांकडे पाहिले. ते खरोखरच धुतलेले होते. तिला हसू आले आणि रडूही आले असावे. ती कागद गोळा करून आत आली.

तरी एक कागद तिने माझ्यावर करून पाहिला. त्यातल्या त्यात सरळ असलेला निवडला. माझी समोरची वाट उघडली. मी जुना झालो असलो तरी माझे रूळ घट्ट आहेत. मी कागद नीट धरला, मागे नेला, पुढे आणला. पण माझे डोके, म्हणजे शाई फवारणारा भाग, कागदावरून केसभर उंचीवरून धावते. वर उचललेली कड त्याला घासली. काळा फराटा उमटला. डोक्यालाही धक्का बसला. मी थांबलो.

जास्तीचा कागद गेला. आता नऊ भागांसाठी नऊच कागद उरले होते आणि नऊही वाकडे. चतुर्थी तोंडावर आली होती. पुण्याहून नवे पाकीट वेळेत पोचणार नव्हते. आणखी एक जरी कागद बिघडला असता तर चित्रात भोक पडले असते, आणि भोक असलेले चित्र गणपतीमागे कोण लावेल? धबधबा आणि हंस लागले असते. सुगंधाकाकीने काही म्हटले नसते. ती नुसती गप्प राहिली असती.

दत्तप्रसाद चौकशीला आला तेव्हा किशोरीने त्याला बिघडलेला कागद दाखवला. तो हौसाबाईकडे पाहून लगेच म्हणाला, "ऱ्हवांदे वयनी. नायच जमला तर फ्लेक्स आसा मां."

"फ्लेक्साचा नाव काढू नको," हौसाबाई म्हणाली. "माझ्यामुळा त्या बायेच्या भिंतीर हंस येवक नको."

किशोरीने घाई केली नाही. ही तिची गोष्ट मला फार आवडते. आधी तिने नऊही कागद खोलीत मोकळे ठेवले. ओलावा आमच्याकडे मागावा लागत नाही, तो आपणहून येतो. कागद थोडा मऊ झाला, तेव्हा तिने प्लॅस्टिकच्या नळीला स्वच्छ सुती कापड गुंडाळले आणि एकेक कागद त्या नळीभोवती हलक्या हाताने उलट्या दिशेला वळवला. दाब दिला तर घडी पडते, म्हणून नुसता वळवला आणि सोडला. मग पातळ कोरे कागद मधे घालून सारी चळत चित्रासाठीच आणलेल्या प्लायवूडखाली ठेवली.

"आता वर वजन व्हया," ती म्हणाली.

हौसाबाई याचीच वाट पाहत होती. तिने तांदळाचे पोते आणवले, पाटा आणला, वर वरवंटाही ठेवला. "मी पण बसू काय वर?" तिने विचारले. "नको आये," किशोरी म्हणाली, "प्लायवूड परत करूचा नाय, पण मोडूचा पण नाय." त्या दिवशी पहिल्यांदा दोघी हसल्या.

पुढचा दिवस पूर्ण ते वजन तसेच राहिले. तिसऱ्या सकाळी पोते उतरले. कागद टेबलावर ठेवला तर तो टेबलाला चिकटून राहिला. किशोरीने डोळे टेबलाच्या पातळीवर आणून चारी कडा तपासल्या. मग मऊ कुंचल्याने प्रत्येक कागदावरून कापसाचे सुटे तंतू झाडले. ते तंतू माझ्या डोक्याला अडकतात. ओल्या बोटाने कोपरा दाबून कोणती बाजू चिकटते तेही पाहिले. चिकटते तीच शाईची बाजू. माझे टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढले, कारण कागद पाठीमागे बाहेर निघतो तेव्हा त्याला जागा लागते. तिने संगणकावर जाड कागदाची खूण निवडल्यावर मी माझे डोके थोडे वर उचलून घेतले.

ती सुरुवात मधल्या भागापासून करणार होती. त्याच्यासमोर गणपतीची मूर्ती येते, म्हणून तिथे बारीक डाग पडला तरी झाकला जातो. इतका विचार केल्यावर तिने कागद माझ्यासमोर धरला.

हौसाबाई म्हणाली, "माका बघवना नाय," आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. पण दुकानातून गेली मात्र नाही.

मी कागद घेतला. मागे नेला. पुढे आणला. डोके पहिल्या कडेपाशी आले.

"झाला?" हौसाबाईने विचारले.

"नाय."

डोके कडेवरून गेले. काहीही घासले नाही. परत आले. पुन्हा गेले. हिरवट पाण्याची एक पट्टी कागदावर उतरली.

"आता?"

"आये, गप रव."

पहिला भाग स्वच्छ बाहेर आला. मग दुसरा, मग तिसरा. खंड्याची निळी पाठ एका कागदावर आणि चोच दुसऱ्यावर आली. प्रत्येक कागद संपला की किशोरी दीर्घ श्वास सोडी, आणि तो ऐकून हौसाबाईही सोडी.

सातव्या कागदाला मात्र माझा केशरी दिवा लागला. कागद मागे जाताना कशाला तरी अडला आणि तिरका झाला. मी थांबलो. मित्रांनो, तो दिवा म्हणजे यंत्राचा हट्ट नसतो. काहीतरी चुकते आहे, पुढे गेलो तर नुकसान होईल, एवढेच ते सांगत असते. अशा वेळी पुष्कळ जण कागद ओढून काढतात. किशोरीचाही हात पुढे आला होता. तो तिने मागे घेतला. बटण दाबून मला कागद आपणहून सोडू दिला. अजून शाई लागली नव्हती. कागद शाबूत होता. मग ती वाकून माझ्यामागे पाहू लागली.

मागे जागाच उरली नव्हती. पाठ करून उभी असलेली हौसाबाई हळूहळू टेबलाला टेकली होती आणि टेबल सरकत सरकत भिंतीला लागले होते.

"आये, तू जरा फुडे सर."

"मी वळान बघूक सुदिक नाय, तरी माझाच चुकला!"

किशोरी हसत खुर्चीत बसली. टेबल पुन्हा पुढे ओढले. सातवा कागद गेला आणि आला. आठवा गेला आणि आला. या आठ भागांपैकीच एकावर, एका पानाखाली, नारिंगी रंगाचा लहानसा ठिपका फवारताना मला कळले की ही कुर्ली. ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही.

नववा कागद बाहेर आला तेव्हा हौसाबाईने स्वतःहून वळून पाहिले. नऊ कागद जमिनीवर जोडून मांडलेले होते आणि दुकानात एक मळा पसरला होता. तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, "माझ्या सोलांपेक्षा बरो सुकलो." आणि चहा ठेवायला आत गेली.

चतुर्थीला मी अर्थातच दत्तप्रसादच्या घरी नव्हतो. पण तो प्रसाद घेऊन आला तेव्हा सगळे सांगून गेला. मुलांनी गणपतीला हात जोडले आणि भिंतीकडे धाव घेतली. यंदा कुर्ली कोणालाच पटकन सापडेना. मोठी माणसेही शोधू लागली. सुगंधाकाकी खुर्चीत बसून सगळ्यांना चुकीच्या जागा दाखवत होती आणि हसत होती. किशोरीने विचारले, "आणि फ्लेक्स?" तो म्हणाला, "लाकडांच्या खोपीर घातलंय. हंस पावसात बरे दिसतत."

मित्रांनो, तुमच्याही घरी, शाळेत किंवा दुकानात माझ्यासारखे एखादे यंत्र असेल. त्याला जाड कागद मागच्या वाटेने कोंबू नका; सरळ वाट शोधा. दिवा लागला तर कागद ओढू नका. आधी ते का थांबले ते पाहा. काम नसले तरी अधूनमधून एखादे पान त्याच्याकडून छापून घ्या. त्याला फार काही लागत नाही. थोडी जागा, थोडी सवड आणि घाई न करणारे एक माणूस, इतके मिळाले की जुने यंत्रही पुष्कळ काही देऊन जाते. आता माझ्यावर चादर आहे, पण डबा आणि बाटली नाही.

विसर्जनानंतर सुगंधाकाकी स्वतः दुकानात आली. मुंबईच्या पुतण्याला पाठवायला तिला त्या भिंतीचा एक फोटो हवा होता, त्याच जाड कागदावर. किशोरीने नवे पाकीट आणले होते. काकी माझ्याजवळ बसली आणि कागदाची जाडी बोटांनी चाचपून म्हणाली, "इतको जाड कागद पोटात जाताना ह्येका दुखणा नाय मां?"

"सरळ घातल्यार दुखणा नाय, काकी."

काकीने तिचा उजवा हात माझ्या झाकणावर ठेवला. त्याचा कंप थांबत नव्हता. मी कागद आत घेतला आणि माझे डोके या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू लागले. तशी ती एकदम हसली. "गो किशोरी, ह्यो पण कापता!"

तिने हात काढला नाही. आम्ही दोघेही थरथरत होतो, आणि कागद सरळ बाहेर येत होता.